मनोरा बंद असताना

जनाक्का दोन तास चढून डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यापाशी पोचल्या, तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. त्यांच्या मुलाला सकाळीच अग्नी दिला होता.

"शशिकांत, तुझा मनोरा बंद कर. मला रडायचंय," त्या मनोऱ्याच्या राखणदाराला म्हणाल्या.

दरडीखाली खोऱ्यातली तीन गावं गाडली गेली, त्यानंतर हा मनोरा उभारला गेला. त्याच्या लहरी पोचत तिथवर दुःख माणसाला टोचत नसे. चैत्रात दुरुस्तीसाठी तो अर्धा तास बंद राही. लोक वर्षभराचं रडणं त्या दिवसासाठी राखून ठेवत.

"चैत्राला सात महिने आहेत, आक्का. आज बंद केला तर सगळ्या खोऱ्याला सोसावं लागेल."

"मेल्या, पोटचं पोर गेलं आणि मी घरी जाऊन चूल पेटवली. भाकरी खाल्ली, तीही चवीनं. मला आई म्हणतील का कुणी?"

शशिकांतने खटका खाली ओढला.

जनाक्का पायरीवर कोसळल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. दरडीत गेलेली बायको आठवून शशिकांतही रडू लागला. खालच्या वाड्यांमधून रडण्याचे आवाज वाऱ्यावर वर येऊ लागले.

दहा मिनिटांनी सरपंचांचा फोन आला.

"लगेच चालू करतो," शशिकांत घाईने म्हणाला.

"नको, राहू दे थोडा वेळ." सरपंच हुंदके देत बोलत होते. "जनाक्कांच्या दारात अख्खं गाव जमलंय. सकाळी आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं रे."