बेंबीखालचा जोर

"आबा, मला ढकला," वैजयंता म्हणाली.

रंगराव पैलवान हसले. अलीकडे चालता चालता ते तोल जाऊन पडायचे. तरी लेक लोकांना शिकवायची ती 'ताई ची' ही तोल साधायची संथ कसरत शिकायला ते तयार नव्हते; 'चिनी नाच' म्हणायचे. त्यांनी तिला बेतानंच ढकललं. ती हलली नाही. मग त्यांनी खरा जोर लावला. तिनं खांदे सैल सोडले, श्वास सावकाश खाली जाऊ दिला. झोकांडले ते स्वतःच. तिनं त्यांना सावरलं.

"कुठनं आणलास एवढा जोर?" त्यांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"तुमचा जोर छातीत अडकतो, आबा. ची, म्हणजे अंगातली शक्ती, बेंबीखाली उतरवायची." तिनं त्यांच्या पोटावर तळवा ठेवला. "श्वास इथपर्यंत येऊ द्या."

आयुष्यभर छाती फुगवून चाललेल्या पैलवानानं डोळे मिटले. हळूहळू छाती उतरली, गुडघे सैलावले, पावलं जमिनीवर घट्ट टेकली. वैजयंतानं हलकेच ढकललं. ते जागचे हलले नाहीत.

डोळे न उघडताच म्हणाले, "जोरात ढकल की गं! बापाला जपतीस व्हय?"