खिडकीजवळची जागा

चंद्रपूरची पॅसेंजर माजरीच्या फलाटावर नीट थांबलीही नव्हती, तोच माधवीने खिडकीतून रुमाल आत फेकला. रुमाल पडला की सीट आपली, हा रोजचा कायदा. इकडेतिकडे न बघता ती आत घुसली, तर रुमाल पायाखाली आणि सीटवर रोज याच गाडीने जाणारी रिना.

"ऊठ. माहा रुमाल होता इथी."

"माही ओढणी पयले पडली."

माधवीने तिच्या कानाखाली ठेवून दिली. रिनाने स्टीलचा टिफिन तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. माधवीने तिचा बुचडा धरून डोकं खिडकीच्या गजावर आपटलं, पुन्हा आपटलं. दोघी रक्ताने माखल्या, पण सोडवायला कोणी आलं नाही.

शेवटी चणेवाला बाबूभाई डब्यात चढला आणि दारातच थबकला.

"अवो बाई, गाडीले आजपासून दोन डबे जास्तीचे जोडले. हा पुरा खाली हाय. कुठीबी बसा ना."

माधवीने मान वळवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. बुचडा मात्र तिने सोडला नाही.

"मंग तू जाय तिकडे," ती रिनाला म्हणाली.