आईला द्यायचं चित्र

“उजेड एका बाजूनं घ्या हो,” बाईंनी चौथ्यांदा सांगितलं. “नाकाची सावली पार कपाळावर चढलीय. नाक आहे ते, धुराडं नव्हे.”

मागच्या बाकावरच्या दोघी जावा तोंड दाबून हसल्या. ते गृहस्थ हसले नाहीत. टाकाची निब फडक्याला पुसत खालच्या आवाजात म्हणाले, “उजेड खालूनच होता. दोन्हीकडून.”

कापडदुकानाच्या वरच्या त्या खोलीत बाई शाईची चित्रं शिकवायच्या, त्याला वीस वर्षं होत आली होती. सहा बाकं, शनिवारची दुपार. आधी नुसत्या रेघा, मग पोत, शेवटी सावली, हा त्यांचा क्रम. तो मोडायची कोणाची छाती नव्हती. या गृहस्थांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की फळं-फुलं, डोंगर-झाडं असलं काही नको. एकच चेहरा काढायचाय. नऊ वर्षांच्या मुलीचा. वर्षापूर्वी गेली ती.

बाई जिभेच्या तिखट, पण त्या दिवशी त्यांचीही जीभ अडखळली. फोटो आणा, एवढंच म्हणाल्या. फोटो नको, गृहस्थ म्हणाले, चेहरा डोळ्यांसमोरून हलतच नाही. मग आणखी एक सांगितलं. “तिच्या आईनं विचारलंय, शेवटी कशी दिसत होती म्हणून. घाबरली होती का म्हणून. आई नव्हती तिथे, मी होतो. मला तोंडानं सांगता येईना.”

बाईंनी त्यांना खिडकीजवळचं बाक दिलं.

चार महिने त्यांनी मान वर केली नाही. हल्ली कुठल्याशा गोदामात माल उतरवून घ्यायचं काम करत, आधीची नोकरी सोडली म्हणत. तिथून तासभर चालत यायचे, भर उन्हातसुद्धा. बसमध्ये पाय ठेवत नसत, म्हणून जावांनी त्यांना ‘पायगाडी’ असं नाव पाडलं होतं. हात जड, रेघ थरथरायची. बाईंनी पानंच्या पानं गिरवून घेतली. श्वास सोडताना ओढा, मनगट नाही, खांदा हलू द्या. केसांना लांब रेघा, गालांना ठिपके, हनुवटीखाली आडव्या-उभ्या रेघांची जाळी. शाई सांडायची, कागद फाटायचा, गृहस्थ पुन्हा पहिल्यापासून मांडायचे.

हळूहळू केस जमले. वेणीतून सुटलेली बट जमली. उजेडाचा हट्ट शेवटी बाईंनीच सोडला. दवाखान्यात खाटेच्या दोन्ही बाजूंना दिवे असतील, त्यांचाच उजेड लेकराच्या तोंडावर पडला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. विचारायचा धीर काही झाला नाही.

डोळे मात्र फारच जमले, आणि तीच पंचाईत झाली. वरची पापणी ताणलेली, बुबुळाभोवती सगळीकडून पांढरं.

“ही घाबरलीय,” त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी मान हलवली. असेच होते डोळे, म्हणाले.

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला त्यांनी असंच तडफडत जाताना पाहिलं होतं आणि गावाहून आलेल्या आईला ‘झोपेतच गेली गं’ असं सांगितलं होतं. चाळीस वर्षांत कोणाला न सांगितलेली ती गोष्ट त्यांनी आज या परक्या माणसाला सांगितली. मग चित्रावर बोट ठेवलं. पापणी केसभर खाली आणा, बुबुळाला टेकू दे. भुवईखालची सावली हलकी करा. भीती जाईल, नुसतं नवल उरेल.

“खोटं होईल ते.”

“होऊ दे. बापानं आईसाठी एवढं खोटं केलं तर कोणी नावं ठेवत नाही.”

“बाई, मी…” एवढं म्हणून गृहस्थांनी टाक पुसायला घेतला. मग त्यांनी नवा कागद घेतला.

पंधरा दिवसांनी चित्र पुरं झालं. नाव ठेवायला जागा नव्हती. पोरगी काहीतरी गंमत दिसल्यासारखी बघत होती. जावाही उठून आल्या आणि धाकटीनं डोळे टिपले. सगळ्या गेल्यावर गृहस्थांनी बाईंना विचारलं, सोबत याल का? एकट्याच्यानं ते दार वाजवलं जाणार नाही.

बाई काय समजायचं ते समजल्या. मूल गेल्यावर नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड बघवत नाही, अशी दोन घरं त्यांनी जवळून पाहिली होती. वाटेत त्यांनी समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. चिडली तर चिडू द्या, दार लावून घेतलं तर उद्या परत जाऊ, पण दुःख एकाच छपराखाली सोसलेलं बरं. गृहस्थ चित्र छातीशी धरून नुसते चालत होते. दारापाशी त्यांचे पाय अडले, तेव्हा बाईंनीच कडी वाजवली.

दार उघडणारी पस्तिशीची होती. गृहस्थांना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काही न बोलता दोन्ही हातांनी चित्र पुढे केलं. तिनं ते उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. कागदावरची ती बट तिनं बोटानं सारखी केली.

“घाबरली नव्हती?”

गृहस्थांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच खुणावलं.

“नाही,” ते म्हणाले.

ती उंबऱ्यातच बसली आणि हमसून हमसून रडू लागली. बाईंचेही डोळे भरले, पण मनातून फार बरं वाटलं. आता हे जवळ जातील, पाठीवरून हात फिरवतील, म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या. गृहस्थ मात्र पायरीखालीच उभे होते.

शेवटी तिनं डोळे पुसले, चित्र कुशीत घेतलं आणि मान वळवून आत हाक मारली.

“अहो, जरा बाहेर या. ज्यांच्या गाडीखाली आपली छकुली गेली ना, ते आलेत.”