पुलाशी अडलेलं कपाट

सहलीची मंडळी घेऊन ओर्सोला पुलावर आली आणि तिनं खाली पाहिलं. तिच्या बापाची होडी पुलाखाली अडली होती. भरतीनं पाणी चढलेलं, त्यात होडीत उभं ठेवलेलं आईचं कपाट थेट कमानीला टेकलेलं. मालकाला घर पर्यटकांना द्यायचं होतं, म्हणून म्हाताऱ्याचं बिऱ्हाड आज व्हेनिस सोडून पलीकडच्या किनाऱ्यावर चाललं होतं.

मंडळी मात्र खूश. "अय्या, इथं कपाटंसुद्धा होडीनं जातात!" भराभर मोबाइल निघाले.

ओर्सोला कठड्यावरून वाकून ओरडली, "बाबा, जन्म गेला तुझा या पाण्यावर! निघताना भरती बघू नये? निदान कपाट तरी आडवं ठेवायचंस!"

"म्हातारपण गं, दुसरं काय!"

"मग आता बस ओहोटीची वाट बघत!"

बाबानं वल्हं आत ओढलं आणि काठावरच्या आपल्या हिरव्या खिडक्यांकडे तोंड करून तो बसला.

"भरती बघूनच निघालोय, पोरी," तो म्हणाला. "पाणी उतरेपर्यंत तरी घर समोर राहील."