पित्तावर हवापालट

१९३५ सालची गोष्ट. शिरपूरच्या इंद्रभान पाटलांनी दुसरी बायको केली. थोरल्या सोजरबाईला ते सोसेना. तिने धाकट्या चतुराबाईच्या वाकळीवर गुपचूप खाजकुयली पसरली.

सकाळी धाकटीच्या अंगभर गांधी उठल्या. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, काय काय खाल्लं ते विचारलं आणि निदान केलं.

“पित्त हाय. इथली हवा सोसून नाही राह्यली. गेरू लावा, आन् महिनाभर माहेरी धाडा मेडशीले.”

“मी बांधतो तिचं गाठोडं,” सोजरबाई लगबगीने उठली.

तेवढ्यात आतून पाटील पाठ खाजवत बाहेर आले. वैद्यबुवांनी त्यांचा सदरा वर करून पाहिला.



“तुमालेबी तेच, पाटील. बाई, गाठोडं दोघायचं बांधा.”