दहा पुरुष

नगरात ज्यू म्हणून एलिझरकाका एकटेच उरले होते. बायकोच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. तरी काकांनी मतदार यादीत ज्यूंसारखी वाटणारी नावं बघून दानीएल, नोहा, रूबेन असे नऊ जण शोधले आणि एकेकाचं दार वाजवलं. सगळे ख्रिस्ती निघाले.

"काका, आमचा मशीहा येऊन गेला की," दानीएल म्हणाला.

"आमचा यायचाय. तोवर जिने मीच चढतोय."

संध्याकाळी नऊच्या नऊ जण डोक्याला रुमाल बांधून हजर झाले.

"पण काका, देवानं मोजलं तर ज्यू एकच भरतोय," दानीएलनं शंका काढली.

दमलेल्या काकांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

"नाही मोजणार. माणसं मोजायची नाहीत, हा त्याचाच नियम हाय."