तार वर कोण ओढतं?

सून सकाळपासून "माझंच चुकलं असेल" म्हणत होती, आणि सासूबाईंचं डोकं त्यानंच फिरलं होतं. सात वर्षांत या बाईनं मीठ जास्त पडल्याचंसुद्धा कबूल केलं नव्हतं. आजच काय अंगात आलं होतं?

टेबलावर बोर्ड पडला होता. त्यावर चार काळ्या चिप ओळीनं बसवलेल्या. सोल्डरिंग सासूबाईंचं, प्रोग्राम सुनेचा. मागच्या खोलीतला हा कारखाना दोघींच्या जिवावर चालायचा. चार वाजता इस्पितळाची गाडी येणार होती. तान्ह्या बाळांचे श्वास मोजायच्या यंत्राचा हा नमुना आज गेला नाही, तर पुढचं काम दुसऱ्याच्या दारात. आणि हिरवा दिवा काही केल्या लागत नव्हता.

"आई, तुम्ही जरा पडा. प्रोग्राममध्येच गडबड आहे. मी बघते."

"तिसऱ्यांदा झोपायला पाठवतेस. मी काय पाळण्यातली आहे?" सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "सांग मला, कुठं अडतंय?"

"तुम्हाला आता काय सांगू..."

"चौथीच शिकलेय, बहिरी नाही झाले. सांग."

सुनेनं सुस्कारा टाकला आणि सांगितलं. वीज आली की पहिली चिप मेमरीतून आपला प्रोग्राम भरून घेते, उरलेला दुसरीकडे सरकवते. दुसरी तिसरीकडे, तिसरी चौथीकडे. पण आपलं पोट भरलं म्हणून कोणी एकटीनं कामाला लागायचं नाही. चौघींत एक सामाईक तार असते. भरेपर्यंत जिनं तिनं ती खाली दाबून धरायची. चौघींनी सोडली की तार वर उठते, दिवा लागतो, आणि चौघी एकदम सुरू.

"शहाण्या आहेत. मग यातली कोण अडून बसलीय?"

"कोणीच नाही. चौथीपर्यंत सगळं पोचलंय. चौघींनीही सोडलीय." सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सगळ्यांनी सोडली. मग वर कोण ओढतं?"

सून स्क्रीनवर उगाच काहीतरी टाइप करू लागली.

"अगं, विचारतेय मी. तार आपली आपण उठते का?"

"एक रेझिस्टर असतो," सून हळूच म्हणाली. "तो ओढतो."

"आणि तो कुणी लावला?"

 

सासूबाईंनी भिंग डोळ्याशी धरलं. चौथ्या चिपशेजारी रेझिस्टरचे मोहरीएवढे दाणे होते. दाणे कसले, त्यांच्या डोळ्यांना नुसती धुरकट रेघ दिसली. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चिमटा उचलला, आणि जिभेनं हलता दात शोधावा तसा एकेक दाणा ढोसत गेल्या. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा डुगडुगला.

एक टोक चिकटलंच नव्हतं.

"तुला सकाळीच कळलं होतं."

"मीटर लावलं तेव्हाच."

"आणि मी आडवी झाले की गुपचूप चिकटवणार होतीस." सासूबाईंची नजर सुनेच्या बोटावर गेली. तिथं भाजल्याचा डाग होता, पंधरा दिवसांचा तरी. कीबोर्डवर कुणाचं बोट भाजत नाही. "मागचे बोर्ड?"

"दोन-तीनच टाके पुन्हा घातले, आई. फार नाही."

तीस वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू न दिलेलं सोल्डरिंग आयर्न सासूबाईंनी स्टँडसकट सुनेपुढे सरकवलं. "चिकटव. माझ्यादेखत."

धुराची एक बारीक रेघ उठली. सुनेनं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग दिवा हिरवा झाला.

सुनेची मान वर होईना. "माझंच चुकलं. मी आधीच तुम्हाला..."

"गप!" सासूबाई कडाडल्या. चिमटा अजून त्यांच्या हातात होता. "उद्यापासून टाके तू घालायचेस, हलवून मी बघणार. आणि चूक माझी असली की तोंडावर सांगायचं. भांडून सांगायचं. भांडखोर होतीस तीच बरी होतीस. ही गरीब गाय मला घरात नको."